नटवे टाइप आणि बाळबोध कामे

अलीकडे आमच्या छापखान्यांस आणि संगणकावर मजकूर जुळवून देणाऱ्या दुकानांस एका शौकाने पछाडले आहे. बोरूच्या फर्ड्या हाताचा भास आणणारे, वेलांट्यांना झोके देणारे, उकारांच्या शेपट्या खालच्या ओळीत सोडणारे, शिरोरेषा मध्येच तोडणारे अगर अजिबात झुगारून देणारे असे जे टाइप हल्ली सहज मिळतात, ते वाटेल त्या कामास लावण्याचा हा शौक आहे. लग्नपत्रिकेपासून त्याचा आरंभ झाला. तेथवर कोणाचीच हरकत नव्हती. पत्रिकेवरून तो दुकानाच्या पाटीवर गेला, पाटीवरून चौकातल्या फ्लेक्सवर गेला, आणि आता पाण्याच्या टाकीवरील सूचना, ग्रामसभेची नोटीस, लसीकरणाचे वेळापत्रक व जंगलाच्या तोंडाशी उभा केलेला धोक्याचा फलक येथवर त्याची मजल गेली आहे. या शौकाविरुद्ध कोणी तरी बोलणे अवश्य झाले आहे. शहरात त्याचा उपद्रव हसण्यावारी नेता येतो. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत तो तसा नेता येत नाही, म्हणून आम्ही ही लेखणी उचलली आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करू. सुंदर अक्षराशी आमचे वैर नाही. र. कृ. जोशी यांनी देवनागरीच्या वळणांचा आयुष्यभर जो विचार केला, त्याचा लाभ महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सर्व कचेऱ्यांस मिळाला; त्यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टाइप न पाहिलेला मराठी कारकून आज विरळाच. मोडीचा अभ्यास करून तिच्या वळणांतून नवे सुलेखन घडविणारे अच्युत पालव यांचे काम आम्ही कौतुकाने पाहतो. आणि २०२० साली निवर्तलेल्या कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची व मासिकांची नावे ज्या हिकमतीने काढली, तिची आठवण झाली म्हणजे आजच्या नाट्यजाहिरातींकडे पाहवत नाही. परंतु याच थोर मंडळींचे नाव पुढे करून जो अत्याचार चालला आहे, तो त्यांच्याच कलेच्या विरुद्ध आहे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

शेडग्यांनी एखाद्या नाटकाचे नाव काढले म्हणजे ते त्या एका नावासाठीच काढलेले असे. त्यातली वेलांटी पुढच्या अक्षराला जागा देऊन वळे. मागच्या काना-मात्रेची अडचण ओळखून ऊकार आपली शेपूट आवरून घेई. दुसऱ्या नाटकासाठी तीच अक्षरे ते पुन्हा नव्याने घडवीत. हाताने केलेल्या लेखनाचे मर्म या समजूतदारपणात आहे. टाइपाला ही समज कोठून असणार? त्याची वेलांटी एकदा जशी बेतली तशीच ती दर वेळी उमटावयाची. नाव तीन अक्षरांचे असेल तर तिचा झोका शोभून दिसतो. परंतु चौदा ओळींच्या नोटिशीत तोच झोका तेवीस वेळा आला म्हणजे एकाच विनोदाची तेवीस आवर्तने ऐकल्यासारखे होते. हस्तलेखनाचा भास उत्पन्न करणारा टाइप जितका अधिक वापरावा तितका तो भास लवकर विटतो. ‘तिल्लाना’, ‘अमिता’, ‘कलम’ असे काही टाइप आज विनामूल्य मिळतात आणि त्यांत चांगली कारागिरी आहे. मोठ्या आकारात, थोड्या शब्दांत, मोकळ्या जागेत ते खुलतात. त्यांच्या कर्त्यांनी ते विहिरीवरील सूचनेसाठी केले असतील, असे आम्हांस वाटत नाही.

इंग्रजी छापखान्यांत या जातीचे टाइप दोनअडीचशे वर्षांपासून आहेत, आणि तेथील मुद्रकांनी त्यांच्या वापराचे काही दंडक अनुभवाने ठरविले आहेत. या टाइपात सगळा शब्द मोठ्या अक्षरांत जुळवू नये, अक्षरांमध्ये अंतर सोडून शब्द ताणू नये, दोनतीन ओळींपलीकडे त्यात मजकूर छापू नये, बारीक आकारात तो वापरू नये. आमच्या लोकांनी टाइप घेतले, दंडक मात्र समुद्रापलीकडेच राहिले. शिवाय रोमन अक्षराचा झोक नागरीला जसाच्या तसा चढत नाही, याचे एक यांत्रिक कारण आहे. नागरी लिहिण्यासाठी बोरूचे टोक ज्या तिरकसपणाने छाटतात, तो रोमन लेखणीच्या तिरकसपणाच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे रोमन अक्षरात जेथे रेघ भरते तेथे नागरीत ती बारीक होते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने बेतलेले नागरी अक्षर परक्याचा कोट अंगात घातल्यासारखे खांद्यात उचललेले व बाह्यांत आखूड दिसते. गुळगुळीत पत्रिकेवर ते खपून जाते. दारिद्र्याच्या कागदावर त्याचे काय होते ते आता पाहू.

नागरी लिपीतील काही जोड्या अशा आहेत की त्यांतील भेद शिरोरेषेतल्या एवढ्याशा खंडावर व तेथील इवल्याशा गाठीवर टांगलेला आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ ही अक्षरे लिहून पाहावीत. पहिल्याची रेघ अखंड, दुसऱ्याची तुटलेली. बाकी शरीर बहुतेक सारखेच. सुलेखनी टाइप करणाऱ्याला शिरोरेषेचा जाच वाटतो. तिने अक्षरे एका दांडीवर वाळत घातल्यासारखी दिसतात, असे त्याचे गाऱ्हाणे असते. म्हणून तो तिला वाकवितो, तोडतो किंवा काढूनच टाकतो. मोठ्या अक्षरात गाठ शाबूत असेल तर वाचक निभावून नेतो. पण आकार लहान झाला, शाई पसरली, झेरॉक्सची झेरॉक्स निघाली किंवा फलकावर दोन पावसाळे गेले, की गाठ बुजते, आणि मग भेद सांगणारे काहीच उरत नाही. ‘धान’ हे धानाच्या मुलखात ‘घान’ होते. रकमेचा ‘भरणा’ वाचताना अंगावर काटा येतो. ‘थांबा’ या सूचनेचे ‘यांबा’ होते. आणि ‘यांबा’ पाहून कोणी थांबत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील एका जंगलवाटेच्या तोंडाशी असा एक फलक आम्ही पाहिला. तो कोणी लावला हे सांगण्याचे येथे कारण नाही. लावणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, खर्चही त्याने सढळ केला होता. पाठीमागे हिरव्या रानाचे छायाचित्र, त्यावर पिवळ्या रंगात मुरडी घेत जाणारी तिरकी अक्षरे, आणि अक्षरांभोवती छायेची किनार. सूचना अशी होती की पुढे वाघाचा वावर आहे, एकट्याने जाऊ नये, सकाळी लवकर व सायंकाळी जंगलात शिरू नये. आम्ही शिकलेली माणसे. आम्हांस त्यातला ‘वाघ’ लागण्यास दोन क्षण लागले, कारण तो ‘वाध’ असा दिसत होता. ज्या बायका पहाटे मोहफुले वेचावयास किंवा उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडावयास याच वाटेने शिरतात, त्यांच्यापाशी ते दोन क्षण असतात काय? त्या चालत असतात, डोक्यावर ओझे असते, उजेड पुरता झालेला नसतो. ज्या भागात वाघाने माणूस मारल्याची बातमी दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून येते, त्या भागात फलकावरील ‘वाघ’ हा शब्द धावत्या नजरेला दिसला पाहिजे. तो नटलेला असण्याची गरज नाही. वाघ स्वतः पुरेसा नटलेला आहे.

आता या दोन जिल्ह्यांचीच कथा निराळी का काढावी, असे पुण्यामुंबईचा वाचक विचारील. त्यास उत्तर असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून निराळा काढलेला गडचिरोली जिल्हा घ्या. त्याच्या भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोरा-अहेरीच्या बाजूस गोंडी, दक्षिणेस प्राणहिता-गोदावरीच्या काठी सिरोंच्यास तेलुगू, उत्तरेस कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, आणि मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली, अशा भाषा घराघरांतून बोलल्या जातात. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाडीबोली आहे ती वेगळीच. या मुलखातील पुष्कळांची मराठी ही शाळेत शिकलेली, कचेरीत ऐकलेली, बाजारात वापरलेली भाषा आहे. आईच्या भाषेत वाचणारा मनुष्य निम्मे वाचतो व निम्मे ओळखतो. शब्दाचा आरंभ दिसला की शेवट त्याच्या जिभेवर तयार असतो. शिकलेल्या भाषेत वाचणाऱ्याला ही सोय नाही. त्याला एकेक अक्षर लावावे लागते, आणि अक्षर न लागले तर अंदाजाने भरून काढण्यास त्याच्यापाशी पुरेसा शब्दसाठा नसतो. म्हणून ज्या नटव्या टाइपाने पुणेकर वाचकाची किंचित चिडचिड होते, त्याच टाइपाने भामरागडचा वाचक दाराबाहेर उभा राहतो.

आणि त्या दाराआड काय काय आहे, हेही पाहावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगलावरील आपला हक्क सांगता येऊ लागला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला व त्याचे नाव देशभर झाले. त्यानंतर या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबूचा व तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. म्हणजे लिलावाची जाहिरात, ठेकेदाराशी करार, सत्तर पानांच्या पुड्याचा ठरलेला दर, फळीवर किती पुडे कोणी जमा केले त्याची यादी, पैसे केव्हा मिळणार त्याची सूचना, असा छापील व लेखी कागदांचा मोठा पसारा गावातल्या माणसांच्या हाती आला. आजवर हे कागद दुसऱ्याच्या टेबलावर असत आणि त्यांतले अक्षर कसे आहे याची विचारपूस करण्याचे गावाला कारण नव्हते. आता ते कारण उत्पन्न झाले आहे. अशा वेळी दराचा तक्ता सुलेखनी टाइपात छापून त्याच्या चार बाजूंस वेलबुट्टी काढणारा दुकानदार गावाचा सन्मान करीत नाही. ज्याने तो तक्ता वाचावयाचा त्याला तो पुन्हा वाचून दाखविणाऱ्याच्या स्वाधीन करतो. आणि वाचून दाखविणारा नेहमीच निःस्वार्थी असतो असे नाही, हे आमच्या खेड्यांच्या इतिहासात नवीन सांगावयास नको.

या ठिकाणी आमच्या पूर्वजांची एक व्यवस्था आठवते. त्यांच्यापाशी लेखनाच्या दोन रीती होत्या, आणि कोणती कोठे वापरावी याविषयी त्यांच्या मनात संदेह नसे. हात न उचलता झरझर लिहावयाची, पत्रव्यवहाराची व हिशेबाची ती मोडी. पोथीची, पाठाची, सर्वांनी वाचावयाची ती बाळबोध. ‘बाळबोध’ या नावातच तिचे काम सांगितले आहे: बाळालाही बोध व्हावा. छापखाना आला तेव्हाही हा विवेक काही काळ चालला. श्रीरामपुरास विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण काढले ते नागरी टाइपात. १८१० चा त्याचा कोश मोडी खिळ्यांत निघाला. पुढे मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले, नंतर टाइप पाडले. आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी राणोजी आरूंसारख्या कसबी माणसाच्या हातून जे खिळे घडविले, त्यांनी बाळबोध अक्षराला जे रूप दिले तेच पिढ्यान् पिढ्या मराठी वाचकाच्या डोळ्यांत बसले आहे. छापण्याच्या कामात मोडी मागे पडली. तिच्या घाईच्या, गुंफलेल्या वळणांत लिहिणाऱ्याची सोय होती, वाचणाऱ्याची नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून व दप्तरांतूनही मोडी गेली. तिचे मागे उरलेले कागद आज काय सांगतात? २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. वनहक्काच्या कायद्यातही आदिवासींखेरीज इतर वननिवासींस तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जुना कागद हाती असून तो वाचता न आल्याने हवालदिल होणे म्हणजे काय, हे अशा घरांत विचारावे. मोडीचा यात दोष नाही. ती तिच्या काळच्या जाणत्यांसाठी होती आणि त्यांना ती येत होती. आमच्या काळचा हा नटवा टाइप कोणालाच नीट येत नाही. मोडीचा दुर्बोधपणा आम्ही परत आणला, आणि मोडीचा वेग मात्र आणला नाही. कारण संगणकावर कोणताही टाइप सारख्याच वेगाने उमटतो.

मग हे सुंदर टाइप कोठे वापरावेत? आमची कसोटी साधी आहे. वाचणाऱ्याला मजकूर आधीच ठाऊक असेल, अगर तो न वाचल्याने त्याचे काही बिघडणार नसेल, तेथे ते खुशाल वापरावेत. या कसोटीला पूर्ण उतरणारी एक गोष्ट याच मुलखात आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना आम्हांस आनंद होतो. ती म्हणजे झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळीनंतर धान निघू लागले की वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. मंडई, शंकरपट, जत्रा यांच्या निमित्ताने गावोगाव रात्री नाटक लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने जणू प्रथमच तिकडे मान वळविली. या नाटकांची पत्रके व भिंतीवरील जाहिराती ज्याने पाहिल्या आहेत, त्याला आमचे म्हणणे चटकन पटेल. नाटकाचे नाव त्यात कसे धावते! त्याला रक्ताचा लाल असतो, आगीचा पिवळा असतो. एखाद्या अक्षराची शेपूट खलनायकाच्या मिशीसारखी वर वळलेली असते. आणि हे सगळे योग्य आहे. कारण नाटकाचे नाव भोंग्यावरून गावभर सांगितलेले असते, पोराटोरांच्या तोंडी असते. पत्रकावर ते वाचावयाचे नसते, पाहावयाचे असते. त्या अक्षराने आज रात्री काय रंग भरणार आहे याची चुणूक द्यावयाची असते. तेथे बाळबोध टाइप म्हणजे वरातीत आलेला जमाखर्चनीस.

परंतु याच पत्रकाची तळची पट्टी पाहावी. तेथे गाव, तारीख, वार, वेळ व तिकिटाचा दर असतो, आणि तो भाग पुष्कळदा ठसठशीत, सरळ, उभ्या अक्षरांत छापलेला आढळतो. नाटकवाल्याला कोणी मुद्रणशास्त्र शिकविले नाही. तारीख चुकीची वाचली गेली तर खुर्च्या रिकाम्या राहतात, एवढे त्याला समजते. ज्याचे पैसे अडकलेले आहेत तो अक्षराची निवड बरोबर करतो, असे आम्हांस यावरून दिसते. सूचना छापणाऱ्या पुष्कळ मंडळींचे त्या सूचनेत काहीच अडकलेले नसते.

लग्नपत्रिकेलाही हाच न्याय. वधूवरांची नावे हवी तितकी मुरडावी. पाहुण्यांना ती ठाऊक असतात. मुहूर्ताची वेळ, तारीख व कार्यालयाचा पत्ता यांना मात्र मुरड घालू नये. नटव्या टाइपातील १ ला जरा मोठी शेपूट आली की त्याचा ९ होतो, आणि मग वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर मांडवात शिरते. मासिकाचे शीर्षक, ग्रंथाचे मुखपृष्ठ, सत्काराचे मानपत्र, दुकानाचे नाव, देवळाच्या दारावरील देवाचे नाव, या सर्व जागी सुलेखनी अक्षर घरचे आहे. औषधाची बाटली, एसटीची पाटी, शाळेचे पुस्तक, प्रश्नपत्रिका, सात-बाराचा उतारा, विजेचे बिल, येथे ते परके आहे. डॉक्टरांच्या हस्ताक्षराचा छळ इतका वाढला की २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेला औषधांची नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा, असा नियमच घालावा लागला. डॉक्टरांचे अक्षर घाईने तरी बिघडते. आमच्या सूचनाफलकांचे अक्षर आम्ही सावकाश निवडून बिघडवतो.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. ‘तुम्ही सौंदर्य शहरासाठी राखून ठेवता आणि अरण्यातल्या माणसाला रूक्ष अक्षर देऊ पाहता, त्याच्या ग्रामसभेची नोटीस सुंदर का असू नये?’ असे काही तरुण चित्रकार विचारतात. प्रश्नामागील भावना चांगली आहे. पण त्यात सुंदर म्हणजे मुरडलेले असे जे गृहीत धरले आहे, ते आम्हांस मान्य नाही. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथाचे एखादे पान उघडून पाहावे. त्यात एकही अक्षर नाचत नाही. तरी काळ्या-पांढऱ्याचा तो समतोल, ते भरदार दंड, ती एकसूत्री शिरोरेषा पाहून डोळे निवतात. आजही मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी केलेल्या ‘मुक्ता’सारखे साधे, मोकळे टाइप फुकट उपलब्ध आहेत. ते मोठ्या आकारात, ओळींत पुरेसे अंतर ठेवून, पांढऱ्यावर काळे असे छापले तर ग्रामसभेची नोटीस देखणी दिसेल आणि वाचताही येईल. सौंदर्य द्यावयाचे असेल तर ते समासांत द्यावे, ओळींच्या मांडणीत द्यावे, चांगल्या कागदात द्यावे. याला खर्च व विचार लागतो. टाइप बदलण्यास एक टिचकी पुरते, म्हणून सगळे टाइपच बदलतात.

दुसरा आक्षेप म्हणजे तरुण पिढीला साधे अक्षर आवडत नाही हा. त्याला उत्तर देण्यात आम्ही जागा खर्च करीत नाही. तरुण पिढी आपल्या खिशातील फोनवर दिवसभर साध्याच अक्षरांत वाचत असते.

या टाइपांच्या पोटात आणखी काही व्याधी आहेत, त्या दुकानदारांस ठाऊक असतात पण गिऱ्हाइकांस नसतात. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ शोभिवंत टाइपांची अक्षररचना युनिकोडपूर्वीची, ज्याची त्याची खाजगी आहे. त्यात जुळविलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला की त्याचा कचरा होतो, आणि शोधू गेल्यास एक शब्द सापडत नाही. ग्रामसभेचा ठराव अशा टाइपात जुळवून ठेवला तर पाच वर्षांनी त्याची नक्कल काढताना पुन्हा अथपासून इतिपर्यंत जुळवावा लागतो. पुन्हा, ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला, २०२२ साली तो सुधारला, तरी कित्येक नटवे टाइप हिंदी वळणेच माथी मारतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला चंद्रकोरीसारखा र तर अनेकांत नीट उमटतच नाही. एवढी मराठीची गत. मग माडियाची काय असेल? ती द्राविडी कुळातली भाषा. तिचे उच्चार नागरीत उतरवावयाचे तर मराठीला न लागणाऱ्या खुणा अक्षरांवर घालाव्या लागतात, आणि सुलेखनी टाइपांत या खुणांना जागाच ठेवलेली नसते. मुलांसाठी माडिया-मराठी पुस्तक करणाऱ्याने असा टाइप निवडला तर त्या भाषेचे निम्मे स्वर मुखपृष्ठाच्या हौसेपायी बळी जातील. गोंडीला तर स्वतःच्या लिप्याही आहेत. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली केलेली लिपी २०१७ साली युनिकोडात आली, गुंजाळा येथे सापडलेल्या हस्तलिखितांची लिपी २०१८ साली आली. त्या लिप्यांना आज गरज आहे ती पाठ्यपुस्तकाजोग्या, स्वच्छ, बाळबोध टाइपांची. झोकदार टाइप त्यांना मागाहून लाभतील. आधी त्यांचे जावजी दादाजी व्हावयाचे आहेत.

या सगळ्याचा दोष छापखानदारावर टाकून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला टाइपांचे पुस्तक दाखवितो आणि गिऱ्हाईक बोट ठेवते. हे बोट कोणाचे असते? शाळेच्या मुख्याध्यापकांचे, संस्थेच्या चिटणिसांचे, कचेरीतल्या बाबूंचे, पतपेढीच्या संचालकांचे. म्हणजे आमच्या वाचकांच्या घरांतलेच ते बोट. ज्याच्यासाठी कागद छापावयाचा तो त्या वेळी दुकानात हजर नसतो. तेव्हा त्याला हजर करण्याची एक युक्ती आम्ही सुचवितो. नमुना हाती आला की त्याची झेरॉक्स काढावी, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढावी, आणि ती घराची भांडी घासणाऱ्या बाईंच्या चौथीतल्या मुलापुढे हातभर अंतरावर धरावी. तो अडखळला तर टाइप बदलावा. फलक असेल तर तो अंगणात उभा करून सूर्य मावळल्यावर पंधरा पावलांवरून चालत जाता जाता वाचून पाहावा. थांबून वाचल्यास ती परीक्षा धरू नये. ताडोब्याच्या आसपास, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या रानात, वडशापलीकडच्या जंगलवाटांवर येत्या उन्हाळ्याआधी जे नवे फलक उभे करावयाचे असतील, त्यांची तरी ही परीक्षा रंगाऱ्याला पैसे देण्यापूर्वी व्हावी. जुन्यांपैकी ज्यांत ‘घ’ आणि ‘ध’ ओळखता येत नाहीत, त्यांच्यावर चुना फासून तेवढा एक शब्द जाड कुंचल्याने, शिरोरेषा अखंड ठेवून, गावातल्याच एखाद्या पोराकडून लिहून घेण्यास फार तर एक दुपार लागेल.